शिंतोडे कोणाच्या अंगावर, दंड कोणाला?

(परभणी येथे पावसाळ्याच्या तोंडावर नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना किंचित हसू आले असेल. देशापुढे प्रश्नांचे डोंगर उभे असताना, डबक्यातील पाणी पादचाऱ्याच्या अंगावर उडविणाऱ्या वाहनचालकाला शिक्षा असावी की नसावी, यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु समाजाची प्रकृती ओळखायची असेल, तर मोठ्या सभांकडे पाहून ती ओळखता येत नाही. पावसाळ्यातील सकाळी दहाच्या सुमारास एखाद्या शाळेजवळच्या डबक्यापाशी उभे राहावे. कोण वेग कमी करतो, कोण करत नाही, आणि भिजलेला माणूस काय करतो, एवढे पाहिले की पुष्कळ कळते.

भिजलेला माणूस बहुधा काहीच करीत नाही. क्षणभर थबकतो, निघून गेलेल्या गाडीकडे पाहतो, रुमालाने तोंड पुसतो आणि चालू लागतो. त्याने हे गृहीत धरलेले असते. मला गाडीवाल्याच्या बेपर्वाईपेक्षा या गृहीत धरण्याची अधिक चिंता वाटते.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण आपण सारे अभिमानाने सांगतो. अभिमान असावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वसमत रस्ता, जिंतूर रस्ता, गंगाखेड रस्ता यांपैकी कोणत्याही रस्त्याच्या कडेने आषाढ-श्रावणात एकदा पायी जाऊन यावे आणि मग ती म्हण पुन्हा म्हणून पाहावी. मी पायी जाण्याविषयी बोलतो आहे, गाडीतून नव्हे. गाडीच्या काचेतून दिसणारा रस्ता वेगळा असतो.

काळ्या मातीचा गुण आणि दोष

आपल्या जिल्ह्याची भूमी काळी आणि कसदार आहे. आपल्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली 'परभणी मोती' ही ज्वारी याच मातीत पिकते. कापूस, सोयाबीन आणि तूर हीच माती देते. परंतु शेतकऱ्याची जी माय, तीच रस्ता बांधणाऱ्याची डोकेदुखी. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर पुरेसा मुरूम न टाकता, नीट दाबून न घेता डांबराचा थर अंथरला, की एका पावसाळ्यात खालची जमीन हलते आणि वरचा थर खचतो. तो खचला की तेथे पाणी साचते. पाणी साचले की चाकांच्या दाबाने खडी सुटते, आणि वीतभर रुंदीचा खळगा दोन आठवड्यांत डबके होतो.

रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असावा, हे कोणत्याही उपअभियंत्याला ठाऊक असते. डांबरी रस्त्याला साधारणतः दोन ते अडीच टक्के आडवा उतार ठेवतात. हा उतार ठेवला जातोही. मात्र पुढे कोणीतरी साइडपट्टीवर मुरमाचा ढीग ओततो, कोणी दुकानापुढे ओटा वाढवतो, गटाराच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकतात, आणि पाण्याची वाट बंद होते. त्यानंतर जे साचते ते केवळ पावसाचे पाणी नसते. त्यात गटारही मिसळलेले असते. अशा पाण्याचा शिंतोडा डोळ्यांत किंवा उघड्या जखमेवर गेला, तर ती बाब कपड्यांच्या डागापुरती उरत नाही. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिससारखे आजार दूषित पाण्यातूनच पसरतात, हे येथे बसलेल्या वैद्यकीय मंडळींना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

हे सारे आरंभी सांगितले, कारण चालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापूर्वी डबके कोणाचे, हे ठरवावे लागेल. त्याकडे मी पुन्हा येईन.

रस्त्यावर कोण चालतो?

ज्येष्ठ महिन्यात शेगावहून निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते. परभणी, दैठणा, गंगाखेड अशी वाट करीत, संत जनाबाईंच्या गावाला वंदन करून ती पुढे पंढरपूरकडे सरकते. ती शिस्त ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती विसरता येत नाही. पांढरीशुभ्र वस्त्रे, खांद्यावर पताका, दोन सरळ रांगा आणि मध्ये मोकळी जागा. अंगावर पाऊस पडत असला तरी पावलाची लय मोडत नाही. या दिंडीला पाहून गाडी थांबविणारे, उतरून हात जोडणारे चालक मी पाहिले आहेत. आपला समाज मुळात निष्ठुर नाही, याचे हे प्रमाण आहे.

पण तोच चालक पालखी मुक्कामाला गेल्यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच डबक्यातून, शाळेत निघालेल्या मुलींच्या घोळक्याशेजारून साठच्या वेगाने गाडी काढतो. वारकऱ्यात त्याला माउली दिसली. पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलीत का दिसली नाही? श्रद्धा कमी पडली, असे मी म्हणणार नाही. त्याला ती मुलगी दिसलीच नाही. पालखी दिसावी अशी व्यवस्था असते. एकट्या पादचाऱ्याला दिसण्याची कोणतीच व्यवस्था नाही.

आता थोडे आपल्या घरांविषयी. येथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या आजोबांकडे चारचाकी होती? बहुतेकांच्या घरी सायकल हेच वाहन होते, आणि लांब जायचे तर एसटी. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या कष्टाने, शिक्षणाने आणि काही प्रमाणात बँकेच्या कर्जाने आपण काचेच्या आत आलो. त्यात गैर काही नाही. पण काचेच्या आत आलेल्या माणसाला बाहेरचा चिखल हा दृश्याचा भाग वाटू लागतो. समरसतेवर आपण पुष्कळ बोलतो. पायी चालणारा कोण आणि गाडीत बसणारा कोण, हे आज आपल्या गावात बहुतांशी मिळकतीवरून ठरते. म्हणून डबक्याजवळ वेग कमी करणे हा समरसतेचाच विषय आहे, असे माझे मत आहे. कोणाला ते अतिशयोक्त वाटले तरी चालेल.

मी पाहिलेले एक उदाहरण सांगतो. रस्त्याच्या कडेला पोते अंथरून भाजी विकणारी एक बाई. मेथी, कोथिंबीर, थोडी वांगी, पाच-सहा पेंड्या पालक. सकाळचे आठ वाजलेले. एक मोठी पांढरी गाडी आली आणि गेली. बाईच्या लुगड्यावर चिखल उडाला, त्याचे तिला फारसे वाटले नाही. पदराने तिने तोंड पुसले. पण मेथीवर आणि कोथिंबिरीवर गटाराचे पाणी पडले होते, आणि ते तिच्यासमोर उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी पाहिले होते. ती दोन्ही गिऱ्हाइके काही न बोलता पुढे गेली. त्यांचा तरी काय दोष? पहाटे मोंढ्यातून उसनवारीने आणलेला तो माल होता. तिच्या दिवसाचे भांडवल त्या एका क्षणात गेले. गाडीतील गृहस्थाला याचा पत्ताही नसेल. कदाचित घरी जाऊन त्याने गाडी धुतलीही असेल.

कायदा काय म्हणतो?

आता प्रश्नाच्या कायदेशीर बाजूकडे वळू. १८६०च्या भारतीय दंड संहितेत ९५ क्रमांकाचे एक शहाणपणाचे कलम होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच तत्त्व ३३व्या कलमात आले आहे. त्याचा आशय असा की, सामान्य समजुतीचा आणि सामान्य स्वभावाचा मनुष्य ज्याची तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी ज्या कृत्याने होते, ते कृत्य अपराध ठरत नाही. गर्दीत कोणाचा धक्का लागला, कोणाच्या छत्रीचे थेंब पडले, म्हणून पोलीस ठाणे गाठू नये, हे योग्यच आहे. चिखल उडणे या वर्गात मोडते, असे अनेक जण म्हणतील.

पण मला विचारायचे आहे की, हानी क्षुल्लक आहे हे कोणी ठरवायचे? ज्याच्या कपाटात पंचवीस सदरे आहेत त्याच्या दृष्टीने एक सदरा मळणे क्षुल्लक आहे. ज्या मुलाकडे मुलाखतीला जाण्यासाठी एकच पांढरा सदरा आहे आणि एसटी स्थानकापासून कार्यालयापर्यंत ज्याला पायीच जायचे आहे, त्याच्या दृष्टीने ती हानी क्षुल्लक नाही. त्या भाजीवालीच्या दृष्टीने तर नाहीच. कलमातील 'सामान्य मनुष्य' हा गाडीतला नसून रस्त्यावरचा असला पाहिजे.

दुसरे असे की, मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील १८४वे कलम २०१९ साली सुधारण्यात आले, आणि त्या सुधारणेकडे आपल्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पूर्वी हे कलम सार्वजनिक धोका उत्पन्न करणाऱ्या वाहनचालनापुरते होते. आता वाहनातील व्यक्ती, रस्ता वापरणारे इतर लोक किंवा रस्त्याजवळील लोक यांना भय अथवा क्लेश वाटेल अशा रीतीने वाहन चालविणेही त्यात आले आहे. आणि ते ठरविताना त्या जागेचे स्वरूप, तिची स्थिती व तेथील वर्दळ विचारात घ्यायची आहे. रस्त्यात डबके आहे, कडेला माणसे आहेत आणि तरी चालक वेग कमी करीत नाही, ही परिस्थिती या शब्दांत बसू शकते, असे मला वाटते. शिक्षा मात्र जबर आहे. पहिल्या अपराधाला सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. चिखल उडविल्याबद्दल कोणाला सहा महिने तुरुंगात पाठवावे, असे मी म्हणणार नाही, आणि कोणताही शहाणा न्यायाधीश तसे करणार नाही. शिक्षा इतकी मोठी असली की ती कोणालाच होत नाही, हा आपल्या देशातील जुना अनुभव आहे.

जाणूनबुजून केलेल्या कृत्याची गोष्ट निराळी. ३१ जुलै २०२४ रोजी लखनौच्या गोमतीनगर भागात भर पावसात पुलाखाली साचलेल्या पाण्यात टोळके उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पाणी उडवू लागले. दुचाकीवरून जाणाऱ्या एका महिलेलाही त्यांनी सोडले नाही. तेथे गुन्हे नोंदले गेले, अटका झाल्या आणि त्या भागातील पोलीस अधिकाऱ्यांवरही कारवाई झाली. ते योग्यच झाले. तेथे वाहनचालक नव्हते, पायी उभे असलेले लोक होते. पण हेतू उघड होता. आपल्याकडेही महाविद्यालयाच्या रस्त्यावर मुली दिसल्या की मुद्दाम डबक्यातून मोटारसायकल घालणारे महाभाग आहेत. त्यांच्या बाबतीत 'शिंतोडे' हा शब्दच वापरू नये. तो छेडछाडीचा प्रकार आहे आणि त्याला त्याच कलमाखाली धरले पाहिजे. आपला आजचा प्रश्न त्यांच्याविषयी नाही. तो ज्याच्या मनात वाईट काही नाही, पण ज्याच्या मनात पादचारीही नाही, अशा सभ्य चालकाविषयी आहे. असे चालक संख्येने फार अधिक आहेत.

कौटिल्याने काय सांगितले?

आपल्याकडे नागरी शिस्तीचा विषय निघाला की लगेच सिंगापूरचे नाव निघते. सिंगापूरने काय केले ते अवश्य पाहावे. पण त्याआधी आपल्या घरातील कपाट उघडून पाहायला काय हरकत आहे? कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नागरिक नावाच्या नगराधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. तेथे रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्याला एक-अष्टमांश पण दंड आहे. चिखल किंवा पाणी तुंबविणाऱ्याला पाव पण, म्हणजे दुप्पट. आणि हेच राजमार्गावर घडले, तर दंड पुन्हा दुप्पट. लक्षात घ्या, कौटिल्याने पहिला हात चिखल उडविणाऱ्यावर टाकला नाही. चिखल साठविणाऱ्यावर टाकला. दंडही जबर नाही. पाव पण ही रक्कम कोणाला उद्ध्वस्त करणारी नव्हे. ती वसूल करता येण्याजोगी होती, यातच तिचे मर्म आहे. शिवाय त्याच प्रकरणात रस्ता घाण करण्याविषयी सांगताना आजार, औषध किंवा भय यांमुळे घडले असेल तर दंड नाही, अशी सूटही आहे.

वाहनचालकाविषयी त्याने चौथ्या अधिकरणात लिहिले आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी झाली किंवा मागे सरकली, अथवा वाहने, जनावरे आणि माणसे यांची दाटी असताना इजा घडली, तर चालक दंडास पात्र नाही. म्हणजे जे त्याच्या हातात नव्हते त्यासाठी त्याला शिक्षा नाही. मात्र गाडी अजाण मुलाच्या हाती असेल, तर गाडीत बसलेल्या मालकाला दंड करावा, असेही तेथे सांगितले आहे. २०१९च्या सुधारणेने मोटार वाहन अधिनियमात जे कलम १९९-अ आले, ज्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालविली तर पालकाला अथवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास आहे, ते वाचताना मला कौटिल्याची आठवण झाली. दहावीच्या निकालावर मुलाला मोटारसायकल घेऊन देणाऱ्या पालकांनीही ती ठेवावी.

धर्मसूत्रांमध्ये वाट कोणाला द्यावी, याच्या याद्या आहेत. ओझे वाहणारा, आजारी, स्त्री, वृद्ध, गर्भिणी. प्रामाणिकपणे सांगायचे तर आपस्तंबाच्या यादीत यानही, म्हणजे वाहनही, आहे. वाहनालाही वाट द्यावी असे तो सांगतो. बैलगाडी चटकन वळविता येत नाही, हे त्यामागील कारण असावे. आज हातात स्टिअरिंग आणि पायाखाली ब्रेक असलेल्या माणसाने त्या वचनाचा आधार घेऊ नये, एवढेच.

परदेशातील रीत

जपानमध्ये या अपराधाला स्वतंत्र नाव आहे – 'दोरोहाने', म्हणजे चिखल उडविणे. तेथील १९६०च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या ७१व्या कलमात चालकाच्या कर्तव्यांत पहिलेच कर्तव्य हे आहे की, चिखलातून किंवा डबक्यातून जाताना मडगार्ड लावून अथवा गाडी हळू चालवून इतरांच्या अंगावर घाण पाणी उडणार नाही याची काळजी घ्यावी. साध्या मोटारीला दंड सहा हजार येन. इंग्लंडमध्ये १९८८च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या तिसऱ्या कलमाखाली, इतरांचा वाजवी विचार न करता गाडी चालविणे हा अपराध आहे, आणि डबक्यातून गाडी नेऊन पादचाऱ्याला भिजविणे हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. तेथे सामान्यतः शंभर पौंड दंड आणि परवान्यावर तीन गुण नोंदले जातात. प्रकरण न्यायालयात गेले तर दंडाला कमाल मर्यादा नाही. इंग्रजांची शिस्त आपण घेतली नाही, टाय मात्र घेतला, असे आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणत असत.

जपानी कलमातील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, चालकाने काय करायचे हे स्पष्ट सांगितले आहे: वेग कमी करा. दुसरी, दंड एवढाच आहे की तो भरून माणूस घरी जाईल, पण त्याला तो आठवत राहील.

आक्षेप

आता आक्षेपांचा विचार करू. ते खोटे नाहीत.

चालक म्हणतो, डबके चुकवायला गेलो तर समोरून ट्रक येतो. खरे आहे. डबके चुकविण्यासाठी अचानक गाडी वळविणे हे डबक्यातून जाण्यापेक्षा धोक्याचे आहे. म्हणून गाडी वळवू नये, वेग कमी करावा. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चाळीसचा वेग वीसवर आणला तर तो जोर साधारण चौथाईवर येतो, आणि पाणी माणसाच्या छातीपर्यंत न उडता चाकापाशीच पडते. शिवाय पाण्याखाली खड्डा किती खोल आहे हे चालकालाही दिसत नसते. पादचाऱ्यासाठी नाही तर आपल्या गाडीच्या ॲक्सलसाठी तरी त्याने हळू जावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो म्हणजे, पोलिसाच्या हाती आणखी एक काठी दिली की चिरीमिरीचे आणखी एक कुरण तयार होईल. आणि त्यात सापडेल कोण? मोठ्या गाडीतील पुढाऱ्याचा नातलग सापडणार नाही. दिवसाला चारशे-पाचशे रुपये कमावणारा ऑटोरिक्षावाला सापडेल. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच हा दंड रस्त्यावर रोखीने घेतला जाऊ नये. आपल्याकडे ई-चलनाची पद्धत आहे. चौकातील कॅमेरा, किंवा नागरिकाने वेळ आणि स्थळ दिसेल अशा रीतीने घेतलेले चित्रण, एवढाच पुरावा ग्राह्य धरावा. पोलिसाची तोंडी साक्ष पुरेशी मानू नये. अनेकदा चिखलाने नंबरप्लेटच झाकलेली असते आणि गाडी ओळखू येत नाही. तेव्हा ते प्रकरण तेथेच सोडून द्यावे. सर्वच सापडले पाहिजेत असा हट्ट धरला की निरपराध सापडू लागतात.

तिसरा आक्षेप एसटीच्या चालकाचा. त्याच्यावर वेळापत्रकाचे ओझे असते, बस जड असते, आणि साइडपट्टीवर उतरली तर ती रुतते. त्याला दोन मिनिटे उशीर झाला तर आत बसलेले आपणच घंटीची दोरी ओढतो. त्याच्याबाबतीत दंडापेक्षा आगारातील सूचना अधिक उपयोगी पडेल. सरकारी वाहनाला सूट द्यावी, असा मात्र याचा अर्थ कोणी काढू नये. लाल दिव्याची गाडी गेली, पण त्या गाडीची घाई गेलेली नाही.

डबके कोणाचे?

आरंभी सोडून दिलेल्या प्रश्नाकडे आता येतो. परभणीची नगरपालिका २०११ साली महानगरपालिका झाली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ६३व्या कलमाने रस्ते आणि गटारे यांची व्यवस्था ही पालिकेची अनिवार्य कर्तव्ये ठरविली आहेत, ऐच्छिक नव्हेत. गावाबाहेरचा रस्ता कोठे सार्वजनिक बांधकाम विभागाचा, कोठे जिल्हा परिषदेचा, आणि पाथरी-मानवत-परभणी-वसमत हा राष्ट्रीय महामार्गाचा. डबके मात्र कोणाचेच नसते. एकाकडे जावे तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

या बोट दाखविण्याला अलीकडे न्यायालयांनी थोडा आळा घातला आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पादचाऱ्यांना चालण्यायोग्य पदपथ मिळणे हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये, आणि जखमी झाल्यास पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी व ठेकेदार यांच्याकडून वसूल करता येईल, असेही स्पष्ट केले. हा आदेश मला फार महत्त्वाचा वाटतो. कौटिल्याने जो पाव पण चिखल तुंबविणाऱ्यावर लावला होता, त्याचेच हे आजचे रूप आहे. अर्थात येथे माणूस मरावा किंवा जखमी व्हावा लागतो, तेव्हा भरपाई मिळते. भाजीवालीची मेथी त्यात बसत नाही.

त्यामुळे माझे उत्तर असे आहे. होय, चालकाला दंड असावा. पण तो लहान असावा, ठरावीक असावा आणि मोठ्या गाडीला अधिक, दुचाकीला कमी असावा. पाचशे रुपयांच्या पुढे तो जाऊ नये. शाळा, रुग्णालय आणि बसस्थानक यांच्याजवळ तो दुप्पट असावा. राजमार्गावर दुप्पट, हे तत्त्व आपलेच आहे. आणि एकाच जागी पंधरा दिवसांहून अधिक काळ पाणी साचत असल्याची लेखी तक्रार आलेली असेल, तर त्यानंतर तेथे चालकाला दंड न लावता तो त्या रस्त्याच्या मालकाच्या नावे लावावा. ही शेवटची अट काही मित्रांना विनोदी वाटली. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्यावाचून आधीचे सारे अन्याय्य ठरेल, कारण मग पालिका स्वतःच्या डबक्यांवर नागरिकांकडून दंड गोळा करीत बसेल.

कायदा होईल तेव्हा होईल. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत चिन्हे विचारतात. डबक्याजवळ माणूस उभा असताना काय करावे, हा एक प्रश्न त्यात घालावा, अशी विनंती परिवहन विभागाला करायला कायदा लागत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर आपापल्या प्रभागातील पाणी साचणाऱ्या जागा, त्यांची ठळक खूण, तारीख आणि छायाचित्र यांसह कागदावर उतरविणे, हेही आपल्या हातात आहे. शाळांजवळच्या जागा आधी घ्याव्यात, आणि भाजी विकणाऱ्या बाया जेथे बसतात त्या जागा त्यांच्याबरोबर. हे काम मोबाइलवर होते, आणि शाखेतील किंवा महाविद्यालयातील दोन तरुण एका रविवारी एक प्रभाग पुरा करू शकतात.

प्रभागवार तक्ते बाहेर टेबलावर ठेवले आहेत. त्यात रस्त्याचा मालक कोण, यासाठी एक रकाना आहे. तो रिकामा सोडू नये. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी महानगरपालिकेच्या बांधकाम विभागात विचारून तो भरावा, आणि तेथे उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. अर्जाचा नमुना तक्त्याच्या मागील बाजूस छापलेला आहे. पालखी येण्यापूर्वी गंगाखेड रस्त्याचा तक्ता पूर्ण झाला तर बरे होईल.